भीती कशाची, ते लिहा

उत्तर प्रदेशच्या नगरविकास विभागाने १० सप्टेंबर २०२५ रोजी लखनौहून एक आदेश काढला. चिथावणी नसताना माणसाला चावलेले भटके कुत्रे प्राणी जन्म नियंत्रण केंद्रात आणायचे, नसबंदी झाली नसेल तर करायची, दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवायचे आणि सोडताना मायक्रोचिप बसवायची. तेच कुत्रे पुन्हा विनाकारण चावले, तर त्याने उरलेले आयुष्य केंद्रातच काढायचे. सुटकेची वाट एकच. कोणीतरी त्याला दत्तक घ्यावे आणि पुन्हा रस्त्यावर सोडणार नाही, असे प्रतिज्ञापत्र द्यावे. वर्तमानपत्रांनी याला ‘कुत्र्यांची जन्मठेप’ म्हटले, थोडे विनोद झाले आणि विषय मागे पडला.

आपल्या व्यवसायाला तो मागे टाकता येणार नाही. चिथावणी होती की नव्हती, हे ठरवणाऱ्या तिघांच्या समितीत एक पशुवैद्यक आहे. कुत्रे सुटणार की कायमचे आत राहणार, हे उद्या आपण लिहिलेल्या एका ओळीवर ठरेल. त्या ओळीसाठी आपल्याकडे नोंदी काय असतात? तापमान, वजन, दातांवरून अंदाजे वय, रेबीजची लस, टाके. वर्तनाच्या रकान्यात, तो असलाच तर, ‘शांत’ किंवा ‘आक्रमक’ यांपैकी एक शब्द.

कोणत्याही केंद्रातल्या शेवटच्या पिंजऱ्यापाशी सकाळी जाऊन उभे राहा. धुण्याचा रबरी पाइप येतो, पाणी लोखंडी दारावर आपटते आणि आतले कुत्रे मागच्या भिंतीवर पुढचे पाय टेकून उभे राहते. जायला जागा नसते. पाणी थांबले की ते ओल्या कोपऱ्यात अंगाची मोळी करून बसते. शेपूट पोटाखाली, कान मागे, तोंड भिंतीकडे आणि डोळ्याचा पांढरा कोर आपल्यावर रोखलेला. सकाळच्या भाताला दुपारपर्यंत तोंड लागत नाही. रात्री सगळे गेल्यावर ताट रिकामे होते. या कुत्र्याला इंजेक्शन देताना ते हलत नाही, म्हणून आपण ‘शांत’ लिहितो. शेजारचे तशाच भीतीने दारावर झेप घेते, म्हणून त्याला ‘आक्रमक’ लिहितो. पळायला जागा नसली की गोठणे किंवा अंगावर येणे एवढेच उरते. दोन शब्द लिहून आपण एकाच अवस्थेला दोन नावे दिलेली असतात आणि त्यातले दुसरे नाव आता महागात पडू शकते.

म्हणून या अंकापासून एक आग्रह धरतो: कुत्रे भित्रे आहे एवढ्यावर थांबू नका, भीती कशाची आहे ते लिहा.

पिंजऱ्यातली भीती ढोबळमानाने तीन तऱ्हांची असते. पहिली जागेची. लखनौतल्या अमीनाबादच्या गल्लीत चार दुकानांच्या पायऱ्यांवर लोळणारे, पोरांकडून बिस्किटे खाणारे कुत्रे जाळ्यात अडकून, गाडीतून हिंदकळत, अनोळखी वासांच्या शेडमध्ये येते. त्याला माणसांचे वावडे नसते. त्याचा मोहल्ला हरवलेला असतो. दुसरी माणसांची. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांचे १९६५ चे पुस्तक आपण सगळ्यांनी कधी ना कधी चाळले आहे. पिल्लाच्या साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात माणसाशी ओळख होण्याचा काळ असतो. त्याआधी १९६१ मध्ये त्यांच्याच गटातल्या संशोधकांनी दाखवले होते की चौदाव्या आठवड्यापर्यंत माणसापासून दूर वाढलेली पिल्ले पुढे माणसाला जवळ येऊ देत नाहीत. नाल्याकाठी किंवा कचरा डेपोवर वाढलेले कुत्रे या गटातले. तिसरी भीती आठवणीची असते. काठी, पट्टा, फटाका किंवा एखादा हात यांची. कधीकाळी घरात राहिलेले आणि मग सोडून दिलेले कुत्रे पुष्कळदा इथे सापडते. पट्टा दाखवला की लघवी करते, पण दार उघडे दिसले की घरात शिरू पाहते.

तिन्हींचे उपचार वेगळे. पहिल्याला घरी, म्हणजे त्याच्या गल्लीत, परत पाठवणे हाच उपचार. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियमही तेच सांगतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रेबीजग्रस्त, संशयित आणि आक्रमक कुत्री वगळून बाकीची लस देऊन, नसबंदी करून मूळ जागी सोडायची मुभा दिली, ती याच तत्त्वावर. मात्र ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारातून उचललेल्या कुत्र्यांची परतीची वाट बंद झाली. लखनौच्या चारबाग स्थानकावर रोज हजारो अनोळखी पायांमधून निवांत हिंडणारे कुत्रे आता चारबागला परत सोडता येणार नाही. माणसांना इतके सरावलेले जनावर एरवी शोधून सापडायचे नाही. पण पिंजऱ्यातल्या पहिल्या आठवड्यात तेही कोपऱ्यातच बसेल आणि ‘भित्रे, दत्तक देण्यास अयोग्य’ असा शेरा घेऊन तिथेच म्हातारे होईल.

हा शेरा कधी मारायचा, याला शास्त्राचा आधार आहे. मायकेल हेनेसी आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका निवाऱ्यातल्या कुत्र्यांचे कॉर्टिसॉल मोजले, तेव्हा ते पहिल्या तीन दिवसांत सर्वांत चढलेले आढळले. आपल्याकडे नसबंदीनंतर कुत्रे जेमतेम चार दिवस राहते. म्हणजे आपण बहुतेक कुत्री त्यांच्या सर्वांत वाईट दिवसांत पाहतो आणि त्यावरून स्वभाव ठरवतो. उत्तर प्रदेशच्या दहा दिवसांतले पहिले तीन स्वभावपरीक्षेसाठी बाद धरा. उरलेले सात हाताशी आहेत.

त्या सात दिवसांत करायचे काय? खर्चिक काही नाही. पिंजरा दारापासून आणि गाडी उभी राहते त्या जागेपासून लांबचा द्या. पुढच्या जाळीचा अर्धा भाग गोणपाटाने झाका आणि आत लपायला एक खोके ठेवा. कुत्रे आत असताना पाइप लावू नका. खाणे रोज एकाच माणसाने द्यावे, तेही नजर न भिडवता, कडेला टाकून. शेजारी माणसाळलेले कुत्रे ठेवा. त्याला हाताने खाताना बघून भित्रे कुत्रे जितके शिकते तितके आपल्या चुचकारण्याने शिकत नाही. हात लावायची वेळ आली की लखनवी रिवाज पाळा: पहले आप. हात खाली ठेवून थांबा, कुत्र्याने पाऊल पुढे टाकले तरच तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. ते पुन्हा जवळ आले तर पुढे जा, मागे सरले तर त्या दिवसापुरते पुरे. औषध लागले तर गॅबापेंटिन, ट्रॅझोडोन आहेत. फ्लुओक्सेटिनला गुण यायला काही आठवडे लागतात, हे धरून चाला. नुसत्या एसप्रोमाझिनवर भागवू नका. त्याने शरीर ढिले पडते, आतली भीती तशीच राहते आणि आपल्याला मात्र काम झाल्यासारखे वाटते.

दुसऱ्या गटासाठी सात दिवस पुरणार नाहीत, हे कबूल करायला हवे. तिथे काम महिन्यांचे आहे. पण ते वाया जात नाही. अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या पुनर्वसन केंद्राने अतिभित्र्या कुत्र्यांवर केलेल्या उपचारांचा अहवाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. चारशेहून अधिक कुत्र्यांपैकी पाचांत चारांहून जास्त कुत्री दत्तक देण्याजोगी झाली. तिथला पैसा आणि मनुष्यबळ आपल्याकडे नाही. तरीही ‘हे कधीच सुधारणार नाही’ असे दुसऱ्या दिवशी लिहिण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

दत्तक या शब्दाविषयीही थोडे सावध राहू. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचे असेल तर त्यांना रीतसर दत्तक घ्या, असे म्हटले होते. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या सक्तीला स्थगिती दिली. खाऊ घालणारा प्रत्येक जण भित्र्या कुत्र्याला घरात सांभाळू शकत नाही. शिवाय मागणी कशाला असते, तेही लखनौनेच दाखवले आहे. जुलै २०२२ मध्ये कैसरबाग भागात घरातल्या वृद्ध मालकिणीचा जीव घेणारा पिटबुल महापालिकेच्या केंद्रात निरीक्षणाखाली होता, तेव्हा त्याला न्यायला लोक विचारणा करत होते. जातिवंत कुत्र्याला त्या परिस्थितीतही घर मिळू शकते. तिठ्यावरच्या तांबूस, एका कानाला खाच असलेल्या मादीसाठी कोणी फोन करत नाही.

तिच्यासाठी कोणी आलेच, तर त्याला खरे सांगा. पहिले तीन दिवस ती खाटेखालून निघणार नाही. अंघोळ नको, पाहुणे नकोत. एकच खोली, तिची दारे-खिडक्या बंद. बाहेर नेताना गळपट्टा आणि हार्नेस दोन्ही, दोन दोऱ्यांनी. भित्रे कुत्रे गळपट्ट्यातून मान मागे खेचून सुटते आणि अनोळखी वस्तीत पळालेले कुत्रे सहसा हाती लागत नाही. दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या तोंडावर असे कुत्रे देऊच नका. पंधरा दिवसांनी आपण स्वतः फोन करा. प्रतिज्ञापत्रावर सही घेणे सोपे असते. ती सही पाळता येईल अशी तयारी करून देणे हे आपले काम.

महाराष्ट्रात असा आदेश अजून आलेला नाही, म्हणून थांबायचे कारण नाही. केसपेपरवर एक रकाना वाढवायला कोणाची परवानगी लागत नाही. भीती जागेची, माणसांची की आठवणीची, हे त्यात लिहा. खाली रोजचे तीन आकडे: ताट ठेवल्यापासून किती मिनिटांनी खाल्ले, हातून घेतले का, आणि आपण किती जवळ गेल्यावर ते मागे सरले. टेप लागत नाही, अंतर फरशांत मोजा. समितीसमोर बसाल तेव्हा ‘आक्रमक’ या एका शब्दाऐवजी हातात एवढे असू द्या: चौथ्या दिवशी नऊ फरशा, सातव्या दिवशी सहा, दहाव्या दिवशी दोन.