दुष्काळात तेरावा महिना

संकट एकटे येत नाही, हा अनुभव आपल्या लोकांनी ‘दुष्काळात तेरावा महिना’ या म्हणीत साठवून ठेवला आहे. धान्य आधीच अपुरे, त्यात वर्षाला अधिक महिन्याची भर! परंतु दुष्काळ आणि अधिक मास यांची गाठ पडणे हा निव्वळ योगायोग होय. निसर्गातील दोन आपत्तींची गाठ पडते, तीही योगायोगानेच काय? स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ डॉ. सोनिया सेनेविरत्ने यांच्या संशोधनातून या प्रश्नाचे उत्तर मिळते.

लोझान येथे प्रथम जीवशास्त्र शिकलेल्या या विदुषी पुढे झुरिचच्या संघीय तंत्रविद्या संस्थेत हवामानशास्त्राकडे वळल्या. 2002 साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर काही काळ अमेरिकेत ‘नासा’च्या गोडार्ड केंद्रात काम करून त्या झुरिचला परतल्या व 2007 साली तेथे प्राध्यापक झाल्या. हवामानाचे अभ्यासक सामान्यतः आकाशाकडे पाहतात. सेनेविरत्नेबाईंनी दृष्टी वळवली ती पायाखालच्या मातीकडे.

मातीत ओल असते तोवर सूर्याची बरीचशी उष्णता त्या ओलीची वाफ करण्यात खर्ची पडते. माठातील पाणी गार राहते ते याच कारणाने. ओल सरली की तीच उष्णता थेट हवा तापवू लागते आणि तापलेली हवा उरलीसुरली ओलही शोषून घेते. अवर्षण उष्म्याला चेतवते, उष्मा अवर्षणाला! ईशान्य स्वित्झर्लंडमधील रीटहोल्झबाख या ओढ्याच्या खोऱ्यात माती व गवत यांनी भरलेले एक मोठे पात्र जमिनीत बसवलेले असून 1976 पासून त्याचे वजन नोंदले जात आहे. खाली झिरपलेले पाणी वजा जाता, वजनातील घट म्हणजे हवेत गेलेले पाणी. सेनेविरत्ने व त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रदीर्घ नोंदींचा बारकाईने अभ्यास केला.

2003 च्या उन्हाळ्यात युरोपात आधी पावसाने ओढ दिली, मागोमाग ऑगस्टमध्ये उष्णतेची भीषण लाट आली. त्या उन्हाळ्यात नेहमीपेक्षा सुमारे 70,000 मृत्यू अधिक झाले. 2006 साली सेनेविरत्ने व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणकयंत्रावर युरोपचे हवामान दोन प्रकारे उभे केले : एकदा माती व हवा यांचे नाते राखून, एकदा ते तोडून. भावी काळात मध्य व पूर्व युरोपातील उन्हाळे अधिक लहरी होण्याचे मुख्य कारण हे नातेच असल्याचे त्यातून दिसून आले.

याचे महत्त्व साध्या हिशेबाने कळेल. अवर्षण व उष्णतेची लाट प्रत्येकी दहा वर्षांतून एकदा येत असेल आणि त्यांचा परस्परांशी संबंध नसेल, तर दोन्ही एकाच वर्षी येण्याचा प्रसंग शंभर वर्षांतून एकदा यावा. पण एक दुसऱ्याला बोलावून आणत असेल तर हा हिशेब कोसळतो. आणि धान्याची कोठारे, पाणीपुरवठा, रुग्णालये यांची योजना त्याच हिशेबावर आखलेली असेल, तर चुकीची किंमत माणसांना मोजावी लागते.

संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने चालणाऱ्या आंतरशासकीय हवामान मंडळाच्या 2012 च्या अहवालात अशा ‘संयुक्त घटनां’ची व्याख्या करण्यात आली, त्या प्रकरणाच्या प्रमुख लेखकांपैकी सेनेविरत्ने एक होत्या. स्वतंत्रपणे सामान्य असलेल्या घटनाही एकत्र आल्यास अनर्थ घडवतात, हेही तेथे नोंदले आहे; जसे, भरतीची वेळ आणि नदीचा मध्यम पूर. 2021 च्या अहवालातही आत्यंतिक हवामानाच्या प्रकरणाची धुरा त्यांनी एका सहकाऱ्यासह वाहिली. मानवी कृतींमुळे उष्णतेची लाट व अवर्षण एकत्र येण्याचे प्रसंग वाढले आहेत, असा निष्कर्ष त्यात आहे. 2023 साली त्या मंडळाच्या पहिल्या कार्यगटाच्या उपाध्यक्षपदी निवडून आल्या.

तेरावा महिना पंचांगात आधीच छापलेला असतो. म्हणून जाणती गृहिणी कणगीत चार पायल्या अधिक राखून ठेवते. आपत्तींच्या जोड्यांचे पंचांग अद्याप सिद्ध व्हावयाचे आहे. ते जितके लवकर हाती येईल, तितकी पूर्वतयारी आपल्याला करता येईल.