दोन नोंदी, एक गाठ

धारवाडला शिकणाऱ्या लेकीला आपण बँकेच्या वेबसाइटवरून ५,००० रुपये पाठवतो. दोघींची खाती त्याच बँकेत असली, तरी संगणकात नोंदी दोन होतात : आईच्या खात्यातून वजा, लेकीच्या खात्यात जमा. मधेच संगणक बंद पडला तर?

म्हणून प्रोग्रॅमर दोन्ही नोंदी एका ‘ट्रान्झॅक्शन’मध्ये बांधतो. दोन्ही जमल्या तर ‘कमिट’. एक जरी फसली तरी ‘रोलबॅक’, म्हणजे सारे पूर्ववत. या क्षेत्रातील कामासाठी जिम ग्रे यांना १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

पण गाठ कोठे मारायची, हे प्रोग्रॅमरनेच ठरवायचे. नोंदी सुट्या कमिट केल्या, तर पैसे इकडून जातील, तिकडे पोचणार नाहीत. एसएमएस जाईपर्यंत गाठ ताणली, तर त्या खात्यांचे इतर व्यवहार खोळंबतील.

तेव्हा मुलांनो, आधी कमिट, मग एसएमएस!