पुढाऱ्याचें खातें

पैठणच्या रस्त्यावरील आमच्या चितेगांवीं आतां शेतांच्या बांधांना कारखान्यांच्या भिंती भिडल्या आहेत. तथापि सोसायटीची निवडणूक आली, कीं चावडीपुढें जुनाच प्रश्न उभा राहतो : पुढारी कोणास म्हणावें ? ज्याचा वाडा मोठा व ज्याच्या मागें माणसें अधिक तो पुढारी, असा सर्वसाधारण समज आहे. मला तो मान्य नाहीं, आणि हें मी स्वतःच्या चुकीवरून शिकलों आहें.

कांहीं वर्षांपूर्वीं मी एका सहकारी संस्थेच्या पंचमंडळांत होतों. त्या सालीं पाऊस बेताचा झाला. वसुलीसाठीं मी लहान खातेदारांच्या दारीं गेलों व त्यांस मुदतीचें महत्त्व सांगितलें. माझा हप्ता मात्र कापसाचा भाव चढेल या आशेनें महिनाभर थकविला. एका वृद्ध खातेदारानें शांतपणें विचारलें, "पाटील, तुमचा भरणा झाला का ?" मला उत्तर देतां आलें नाहीं. दुसऱ्याच दिवशीं घरांतील ज्वारी विकून हप्ता भरला. पण नोटीस काढण्याचा हक्क हातीं असूनही पुन्हा कोणाच्या दारीं जाण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

तेव्हांपासून लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील मला वारंवार आठवतात. त्यांनीं १९२३ सालीं आपल्या गांवीं सहकारी पतपेढी काढली. पुढें गांवोगांव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमविलें, व १९५० सालीं प्रवरानगरच्या साखर कारखान्याचें गाळप सुरू झालें. शेतकरी असा कारखाना चालवूं शकतील, यावर त्या वेळीं पुष्कळांचा विश्वास नव्हता. इतक्या कष्टानें उभारलेल्या संस्थेचें अध्यक्षपद मात्र त्यांनीं अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांस दिलें, आणि आपण उपाध्यक्ष राहिले. याला लोक त्याग म्हणतात. मला तर त्यांत कुणब्याचा रोखठोक व्यवहार अधिक दिसतो. विहिरीला सुरुंग लावावयाचा तर आपण जाणकार बोलावतों. विहीर माझी, म्हणून कोणी स्वतः वात पेटवीत नाहीं.

नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारचें उदाहरण याहून अलीकडचें. १९८९ सालीं पोपटराव पवार तेथें सरपंच झाले. पुढें शेतीसाठीं बोअर घ्यावयाचा नाहीं व ऊंस लावावयाचा नाहीं, असें गांवानें ठरविलें. असा निर्बंध सरपंचाच्या शेताला लागू नसता, तर तो एक हंगामही टिकला नसता.

थकबाकीदार पंचास कायदा पदावर राहूं देत नाहीं, हें खरें. पण तक्रार कोणी तरी करावी लागते, आणि गांवांत शेजाऱ्याविरुद्ध कागद देण्यास कोण धजतो ? म्हणून माझी सूचना अशी, कीं दर वार्षिक सभेंत पंचांचीं खातीं सर्वांसमक्ष वाचून दाखवावीं. यंदाच्या सभेंत मी ती मांडणार आहें. मी आज पंच नाहीं. तरी वाचनाचा आरंभ माझ्या जुन्या खात्यापासून करावा, अशी विनंति आहे.