पहिली दुर्बीण घेतांना

दुर्बीण किती पट मोठें दाखविते, हा प्रश्न घेणारा प्रथम विचारतो आणि तेथेंच फसतो. आमच्या घरीं असेंच झालें. नातवास तारे ओळखण्याचा नाद लागला, म्हणून खोक्यावर ‘४५० पट’ असें छापलेली दुर्बीण मीं मोठ्या हौसेनें आणली. तिचें भिंग ६० मिलिमीटरचें आणि तिवई अशी कीं, हात लागतांच चंद्र पळून जाई. चार रात्रींत मुलगा म्हणूं लागला, ‘आजोबा, मला हें जमत नाहीं.’ दोष यंत्राचा, आणि तो त्यानें स्वतःच्या माथीं घेतला, हें मला फार लागलें.

दुर्बिणीचें खरें काम प्रकाश गोळा करणें हें होय. अंधारांत डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. ७० मिलिमीटर भिंगाचा व्यास तिच्या दसपट, म्हणून प्रकाश शंभरपट. व्यासाचे जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट वर्धन ही उपयोगाची साधारण मर्यादा समजावी. म्हणजे ६० ला १२०. त्यापुढें प्रतिमा वाढते ती केवळ पुसट होण्यासाठीं. १६१० च्या जानेवारींत गॅलिलिओनें गुरूचे चंद्र पाहिले, ते सुमारें २० पटींच्या दुर्बिणींतून!

तेव्हां क्रम असा असावा. प्रथम नुसत्या डोळ्यांनीं नक्षत्रें ओळखावीं. मग १० × ५० ची द्विनेत्री घेऊन कृत्तिकांचा पुंजका व देवयानींतील दीर्घिका पाहावी. त्यानंतर दुर्बीण : भिंगाची असल्यास निदान ७० मिलिमीटरची व भक्कम तिवईची, आरशाची असल्यास ११४ ते १५० मिलिमीटरची, डॉब्सन पद्धतीच्या बैठ्या घडवंचीवरील. घेण्यापूर्वीं एखाद्या जाणत्याच्या दुर्बिणींतून पाहावें. पुण्यास १९४४ सालीं स्थापन झालेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या मंडळांत असे जाणते भेटतात. चंद्र पाहणें तो पौर्णिमेस नव्हे, शुद्ध सप्तमी-अष्टमीस. तेव्हां सांवल्यांमुळें विवरें उठून दिसतात.

एक गोष्ट मात्र घरांतील प्रत्येकाच्या कानीं घालावी. दुर्बिणींतून सूर्याकडे क्षणभरहि पाहूं नये. डोळा कायमचा जातो, आणि वेदना होत नसल्यामुळें तें तत्काळ कळतहि नाहीं. नेत्रिकेवर बसविण्याची काळी कांच कोणी दिल्यास ती फेकून द्यावी. उष्णतेनें ती अवचित तडकते.

पुढें आम्हीं आरशाची दुर्बीण आणली. २०२२ च्या कार्तिकांत नातवानें ती शनीवर लावून थोरल्या वहिनींना गच्चीवर नेलें. साडेसातीच्या भयानें जन्मभर शनिवार धरलेल्या त्या माउलीनें वलयें पाहिलीं, आणि कितीतरी वेळ डोळा काढला नाहीं. मग हळूच म्हणाल्या, ‘भाऊजी, हा एवढा देखणा असेल असें वाटलें नव्हतें हो.’

शनिवार त्यांनीं सोडला नाहीं. परंतु संध्याकाळीं उपवास सोडतांना ‘आज तो कोणत्या बाजूस दिसेल रे?’ असें त्या नातवाला विचारतात. आणि मुलगा पानावरून उठून आधीं आकाश पाहून येतो.