वकिलीचा रेझ्युमे आणि आपणच खोडून टाकलेला अनुभव



एलएलबी करून सनद घेतलेली आपली मुलं-मुली आता तालुका कोर्टापुरती थांबत नाहीत. मुंबई-पुण्यातल्या लॉ फर्ममध्ये, हायकोर्टातल्या सिनिअरच्या चेंबरमध्ये लिटिगेशनच्या म्हणजे प्रत्यक्ष कोर्टकामाच्या जागेसाठी ती अर्ज करतात. अभ्यासिकेच्या कामामुळे त्यांचे रेझ्युमे माझ्याकडे वाचायला येतात. त्यातले बरेचसे झेरॉक्सच्या दुकानातल्या एकाच फॉर्मॅटमध्ये भरलेले असतात. वडिलांचं नाव, जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, छंद वाचन व क्रिकेट, आणि शेवटी 'वरील माहिती खरी आहे' असं लिहून सही. हा लग्नाचा बायोडाटा झाला. माणूस कोणत्या घरातला आहे हे त्यातून कळतं, पण कोर्टात तो काय करू शकतो हे कळत नाही.

त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. ज्याने दोन वर्षं तालुका कोर्टात ॲट्रॉसिटीच्या केसेसमध्ये धावपळ केली, पीडितांची शपथपत्रं लिहिली, त्याच्या रेझ्युमेत त्यातलं एक अक्षर नसतं. का, असं विचारलं की तो म्हणतो, "ताई, ते लिहिलं की जात कळते."

या भीतीला आधार नाही, असं मी म्हणणार नाही. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये आला. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावात ठेवला. उच्चजातीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश निघाली, आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. त्याच काळात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआर मॅनेजरांच्या मुलाखती घेतल्या. जात विचारत नाही म्हणणारे हे लोक उमेदवाराला 'फॅमिली बॅकग्राउंड' मात्र हमखास विचारत होते. हे अभ्यास वकिलांच्या फर्मचे नव्हते. पण ज्या धंद्यात वडिलांचं चेंबर मुलाकडे जातं, तिथे या 'बॅकग्राउंड'चं वजन कमी असेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की, जी माहिती कामाशी संबंधित नाही ती रेझ्युमेतून काढा. धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती यातलं काहीही लिटिगेशनच्या नोकरीसाठी लागत नाही. आडनाव लिहायचं की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. पोटाचा प्रश्न असलेल्या मुलाला त्यावरून कुणी उपदेश करू नये. पण केलेलं काम काढू नका. जातीचा रकाना आणि कामाचा अनुभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला त्यांच्या कामाचा नाही आणि दुसरा तुमच्या घामाचा आहे.

ॲट्रॉसिटीचं काम म्हणजे 'समाजाचं काम' आणि कमर्शियल दावा म्हणजे 'खरी वकिली', हा समज आपल्याच डोक्यात बसला आहे. जरा कायदा उघडा. कलम १८ मुळे अटकपूर्व जामिनाला आडकाठी, कलम १४-अ खाली हायकोर्टात अपील, कलम १५-अ खाली जामिनाच्या सुनावणीत पीडिताचं म्हणणं मांडण्याचा हक्क. ज्याने यावर मसुदे केले, त्याला जामिनाचा कायदा, अपिलाची मुदत आणि पुराव्याचं मूल्य कळतं. फर्मला हेच हवं असतं. फक्त ते वकिलाच्या भाषेत लिहायला हवं. 'सामाजिक कार्याची आवड' असं लिहिलं तर वाचणारा पुढे सरकतो. 'कलम १४-अ खालील तीन अपिलांचे मसुदे केले, दोनमध्ये पीडितातर्फे लेखी युक्तिवाद तयार केला' असं लिहिलं तर तो थांबतो. (आकडे नमुन्यादाखल आहेत, आपापले खरे लिहावेत.)

माझं दुसरं म्हणणं आहे की, रेझ्युमे कोर्टातल्या दाव्यासारखा लिहा. जो दावा करतो त्याने पुरावा द्यायचा, हे वकिलाला शिकवावं लागत नाही. चवदार तळ्याचंच बघा. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या कोर्टात बाबासाहेब आणि सहकाऱ्यांविरुद्ध दावा लागला. अस्पृश्यांना पाणी न भरू देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असं म्हणणं होतं. प्रकरण मुंबई हायकोर्टापर्यंत गेलं आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल लागला तो याच मुद्द्यावर. अशी वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. जवळपास दहा वर्षांची लढाई पुराव्यावर जिंकली गेली. त्या परंपरेतल्या वकिलाने 'मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेअर' अशी विशेषणं लिहून नोकरी मागावी हे शोभत नाही.

मग लिहायचं काय? एक पान, फार तर दीड. वर नाव, फोन, ईमेल, सनद क्रमांक, सनदेचं वर्ष आणि ऑल इंडिया बार एक्झाम उत्तीर्ण असल्याची नोंद. त्याखाली लगेच कामाचा अनुभव. शिक्षण त्यानंतर, कारण लिटिगेशनमध्ये टक्क्यांच्या आधी काम बघतात. अनुभव कोर्टाप्रमाणे मांडा: दिवाणी न्यायालय, सत्र न्यायालय, कुटुंब न्यायालय, हायकोर्ट. प्रत्येकाखाली तुम्ही स्वतः काय केलं ते लिहा. किती दाव्यांचे, कैफियतींचे मसुदे केले? मनाई हुकमाच्या किती अर्जांवर काम केलं? चेक बाउन्सच्या किती केसेसमध्ये उलटतपास घेतला? 'मसुदा केला', 'सिनिअरसोबत हजर होतो' आणि 'स्वतः युक्तिवाद केला' ही तीन वेगळी वाक्यं आहेत. ती एकमेकांत मिसळू नका. रोजनामा खोटं बोलत नाही, आणि मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच केसवर येतो.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत. अटकपूर्व जामीन ४३८ वरून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४८२ मध्ये गेला. रेझ्युमेत नुसती जुनी कलमं असतील, तर वाचणाऱ्याला वाटतं की याचा अभ्यास तिथेच थांबला. अर्ज नव्या कायद्याखाली केला असेल तर नवं कलम लिहा.

भाषेबद्दल न्यूनगंड नको. एफआयआर, पंचनामा, सातबारा, फेरफार, साक्षीदाराचा जबाब हे सगळं मराठीत असतं आणि हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीत चालतं. मराठी रेकॉर्ड वाचून त्याची इंग्रजीत नेमकी तारीखवार टिपणी करणारा ज्युनिअर प्रत्येक चेंबरला लागतो. 'मराठी: मातृभाषा' एवढ्यावर थांबू नका. 'मराठी महसुली व फौजदारी रेकॉर्डवरून इंग्रजी मसुदे व भाषांतर' असं लिहा.

मात्र एक पथ्य पाळा. पक्षकाराचं नाव आणि त्याने विश्वासाने सांगितलेली माहिती रेझ्युमेत किंवा नमुन्याच्या मसुद्यात येता कामा नये. पक्षकार आणि वकील यांच्यातलं बोलणं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने संरक्षित आहे. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं हा तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हाच आहे. आपल्या केसेसमध्ये पीडित आपल्याच वस्तीतली असते. तिची ओळख आपल्या नोकरीची किंमत होऊ शकत नाही.

आता मुद्दा आपल्या प्रस्थापित वकिलांचा. ज्युनिअर रात्रभर बसून मसुदा करतो, पण वकीलपत्रावर त्याचं नाव नसतं. ई-कोर्ट्सवर वकिलाच्या नावाने किंवा नोंदणी क्रमांकाने केसेस शोधता येतात. वकीलपत्रावर नाव नसेल तर तिथे तो ज्युनिअर शून्य असतो. त्याचा रेझ्युमे त्याने लिहायला घेण्याआधीच आपण कोरा केलेला असतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये स्टायपेंड द्यावा, अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही, आणि सगळ्यांना परवडणारही नाही. पण वकीलपत्रावर नाव घालायला पैसे लागत नाहीत. केलेल्या कामाचं दोन ओळींचं पत्र द्यायलाही लागत नाहीत. दुसऱ्यांच्या घराणेशाहीवर भाषणं करणाऱ्या आपल्या सिनिअरनी एवढं तरी करावं.

जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने गौरव कुमार प्रकरणात सांगितलं की, सनदेसाठी कायद्यात ठरलेल्या फीपेक्षा जास्त घेता येणार नाही: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५. दारावरची एक अडचण कमी झाली. आत गेल्यावर टिकायचं तर कामाची नोंद हवी. म्हणून ज्युनिअर मित्रमैत्रिणींनो, वकिली सुरू केल्याच्या पहिल्या दिवसापासून डायरी ठेवा: तारीख, कोर्ट, केस क्रमांक, मी काय केलं. दोन वर्षांनी रेझ्युमे लिहायला बसाल तेव्हा छंदांच्या रकान्यात काय भरायचं, हा प्रश्न पडणार नाही.

चांगला रेझ्युमे जातिव्यवस्था मोडणार नाही. नाव वाचून अर्ज बाजूला ठेवणारे तो तरीही ठेवतील, आणि त्यांच्याशी लढाई वेगळी आहे. पण त्यांनी नाकारायच्या आधी आपणच आपलं काम नाकारू नये, एवढं आपल्या हातात आहे.

जय भीम! जय संविधान!