खर्च वाढला, पण कोठी रिकामी



गावाकडच्या माणसाच्या हातात आता पैसा खेळतो, असं म्हणताना घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीचे आकडे हल्ली सर्रास पुढे केले जातात. खेड्यात माणशी महिन्याचा सरासरी खर्च 2011-12 मध्ये 1430 रुपये होता, 2023-24 मध्ये तो 4122 झाला. जुन्या भावानं मोजला तर तो 2079 भरतो, हे सांगायचं मात्र राहून जातं. तरीही वाढ आहेच, ती मी नाकारत नाही. पण खर्च वाढला म्हणजे ऐपत वाढली, हे मला मान्य नाही.

नांदगाव पेठेत माझं किराणा दुकान आहे आणि घरची थोडी कोरडवाहू. वडील होते तेव्हा त्याच वावरात कपाशी, मधात तुरीचं तास, ज्वारी, मूग, उडीद आणि धुऱ्याला अंबाडी असायची. ज्वारीची कोठी भरलेली राहायची, डाळ घरीच भरडायची. आता नुसतं सोयाबीन. ते ताटात येत नाही. विकायचं आणि त्या पैशात डाळ, तेल, तिखट विकत आणायचं. पाहणीत घरच्या धान्याचीही किंमत धरतात, पण वावरातल्या भावानं. तीच डाळ दुकानातून आली की दुकानाच्या भावानं मोजली जाते. घास तेवढाच, आकडा मोठा.

सप्टेंबर 2024 मध्ये खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं आणि काही दिवसांतच तेलाची पाकिटं महागली. सोयाबीन मात्र 4892 रुपये हमीभाव असताना त्याच्या खालीच विकावं लागलं. सकाळी बाजार समितीत माल टाकून आलेला गिऱ्हाईक संध्याकाळी माझ्याकडे आला, दोनदा भाव विचारला आणि लिटरचं पाकीट परत ठेवून अर्ध्या लिटरचं घेऊन गेला. तेही उधारीत. वहीत लिहिलेलं ते तेल पाहणीत खर्च म्हणूनच येणार. कर्जाचं व्याज तो भरतो, ते त्यात येत नाही.

एमआयडीसीत कायम नोकरी असलेल्या घरांची उधारी पगार झाला की चुकती होते, हेही खरं. मजुरी करणाऱ्याची वही कापूस निघेपर्यंत थांबते.

2023-24 च्या पाहणीत खेड्यातल्या खर्चात धान्याचा वाटा जेमतेम 5 टक्के होता, पेयं आणि तयार खाद्यपदार्थांचा 9.84 टक्के. राशनचा गहू-तांदूळ फुकट मिळतो म्हणून पहिला आकडा आणखी खाली आला. दुसरा माझ्या दारात लटकलेला आहे: पाच-पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा. आई निंदणाला जाताना पोराच्या हातावर दहा रुपये ठेवते, कारण चुलीशी बसायला तिला वेळ नाही. तो माल मीच विकतो आणि विकताना जीव खंतावतो. याला चैन म्हणणाऱ्यांनी शाळा सुटायच्या वेळी माझ्या दुकानात येऊन उभं राहावं.

म्हणून माझी मागणी एवढीच, की राशनात तूरडाळ आणि तेल दर महिन्याला द्या, आणि सोयाबीनची सरकारी खरेदी दिवाळीच्या आधी सुरू करा. दिवाळी 2022 ला आनंदाचा शिधा म्हणून शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल मिळालं होतं. सणाला जमलं ते बाकीच्या महिन्यांत का जमू नये? तेव्हा माझ्या दुकानातलं तेल कमी खपलं होतं. दर महिन्याला कमी खपलं तरी मला चालेल.

— एक किराणा दुकानदार, नांदगाव पेठ, जि. अमरावती