कलम जुळले, पण खुंट कोणता?

बाजारातून आणलेल्या पिशवीवर हिरवे पान छापलेले दिसले, की पर्यावरणाचे ऋण फेडल्याचे समाधान आपल्याला लाभते. ‘स्टार्चयुक्त’, ‘निसर्गस्नेही’ हे शब्द त्या समाधानावर शिक्कामोर्तब करतात. परंतु स्टार्च आणि प्लास्टिक यांचा संसार नेमका कसा जुळवला जातो आणि त्यातून काय साधते, याचा विचार सुज्ञ ग्राहकाने केलाच पाहिजे.

स्टार्च आपल्या घरोघरी परिचित आहे. मका, बटाटा आणि साबुदाण्याचा कंद यांतील तो पिष्ट पदार्थ. सुती कपड्यांना आपण देतो ती खळही त्याचीच. त्याच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गटांची दाटी असल्याने तो पाण्याकडे ओढला जातो. पॉलिएथिलिन मात्र पाण्याला जवळ करीत नाही. दोघांना तापवून एकत्र मळले, तरी त्यांची गत तेल-पाण्यासारखीच होते. स्टार्चचे कण भाकरीतल्या खड्यांसारखे वेगळे राहतात आणि ताण पडताच पिशवी नेमकी तेथेच फाटते. स्टार्चचे प्रमाण वाढवावे, तसा हा दोष वाढत जातो.

यावर रसायनशास्त्राने शोधलेला उपाय म्हणजे रासायनिक कलम. वितळलेल्या पॉलिएथिलिनमध्ये मॅलेइक अॅनहायड्राइड आणि थोडे पेरॉक्साइड मिसळतात. उष्णतेने पेरॉक्साइड फुटते, पॉलिएथिलिनच्या साखळीवर क्रियाशील जागा निर्माण होते आणि तेथे मॅलेइक अॅनहायड्राइड जोडले जाते. या कलमाचे प्रमाण वजनाने साधारण १ टक्का किंवा त्याहूनही कमी असते. परंतु तेवढे पुरते. स्टार्चचा हायड्रॉक्सिल गट भेटताच त्याच्याशी एस्टर बंध जुळतो आणि परके असलेले दोन पदार्थ एकमेकांना धरून राहतात. स्टार्च अधिक बारीक कणांत पसरतो, पिशवी चिवट होते. पेरॉक्साइड अधिक झाले, तर पॉलिएथिलिनच्या साखळ्या आपसांतच जखडतात. म्हणून येथे प्रमाणाचे भान महत्त्वाचे. विज्ञानाचे हे यश निःसंशय कौतुकास्पद आहे.

मात्र येथेच एक गफलत होते. रायवळ खुंटावर हापूसचे कलम बांधले, म्हणून खुंट काही हापूस होत नाही. त्याचप्रमाणे स्टार्चशी जोडले गेले, म्हणून पॉलिएथिलिन कुजत नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनमधील ब्रुनेल विद्यापीठाच्या जेराल्ड ग्रिफिन यांनी पॉलिएथिलिनमध्ये स्टार्च मिसळण्याची वाट दाखवली. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मक्याचा स्टार्च घातलेल्या पिशव्या ‘विघटनशील’ म्हणून विकल्या गेल्या. अशा पिशवीतील स्टार्च सूक्ष्मजीव खातात. प्लास्टिकचा सांगाडा तसाच उरतो आणि त्याचे तुकडे मातीत मिसळतात. सांधा बळकट झाल्याने मूळ द्रव्याचा स्वभाव पालटत नाही, हा धडा तेव्हाच मिळायला हवा होता.

मग कलमाचे हे शास्त्र निरुपयोगी ठरते काय? मुळीच नाही. त्याला योग्य खुंट हवा. पॉलिलॅक्टिक आम्ल किंवा पीबीएटी यांसारखी पॉलिएस्टर द्रव्ये योग्य परिस्थितीत स्वतःच कुजतात. त्यांतही स्टार्च सहज मिसळत नाही. तेथेही मॅलेइक अॅनहायड्राइडचे कलम दुवा होऊ शकते. या मिश्रणात स्टार्चही कुजतो आणि त्याचा सोबतीही. महाग द्रव्याची काही जागा स्वस्त स्टार्चने भरून निघते, हा लाभ वेगळाच.

आपले कायदेही याच दिशेने गेले आहेत. प्लास्टिक कचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनुसार कंपोस्टयोग्य पिशवी आयएस १७०८८ या मानकात बसावी लागते आणि विक्रीपूर्वी उत्पादकाला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. २०२४ च्या सुधारणेने तर जैवविघटनशील प्लास्टिकचे सूक्ष्म तुकडेही मागे उरता कामा नयेत, असे स्पष्ट केले आहे.

तेव्हा पिशवी हाती घेताना हिरव्या पानाकडे पाहू नये. त्यावर प्रमाणपत्राचा उल्लेख आहे का, हे पाहावे. अशी पिशवीही ओल्या कचऱ्यासोबत खतप्रकल्पात गेली तरच सार्थकी लागते. नाल्यात गेली, तर ती इतर पिशव्यांप्रमाणेच नाला तुंबवते. आणि कापडी पिशवी घेऊन बाहेर पडण्याची आपल्या आजीची सवय अंगी बाणवली, तर यांपैकी कोणतेच कलम बांधण्याची गरज उरणार नाही!